‘रिको’ या एका शब्दासाठी उघडलेला कोश

मी स्पॅनिशमधून मराठीत भाषांतराची कामं करते. मध्यंतरी जुन्या घरगुती पत्रांचा एक गठ्ठा हाती आला. स्पेनमधली एक आजी परगावी गेलेल्या मुलाला घरची खबरबात कळवते आहे, अशी ती पत्रं. त्यातल्या एका पत्रात नातीबद्दल लिहिलं होतं, ‘ला निन्या एस मुय रिका इ कोमे मुय बिएन.’ मी तेव्हा वापरत होते त्या अ‍ॅपमध्ये ‘रिको’ या विशेषणाला एकच अर्थ दिलेला होता, श्रीमंत. म्हणून मी लिहिलं, ‘पोर फार श्रीमंत आहे आणि छान जेवते.’ वाक्य खटकत होतं, तरी पुढे गेले. पुढच्याच पत्रात घराचं दोन महिन्यांचं भाडं थकल्याची हकीकत आली आणि मला थांबावंच लागलं. भाडं थकलेल्या घरातली तान्ही पोर श्रीमंत कुठून असणार?

त्या दिवशी मी स्पॅनिश अकादमीचा, म्हणजे स्पेनमधल्या भाषेचं काम पाहणाऱ्या संस्थेचा, ऑनलाइन कोश नीट वाचायला घेतला, आणि तेव्हापासून तो माझ्या कामाच्या टेबलावरून हललेला नाही. स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाला त्याची ओळख व्हावी म्हणून हे लिहिते आहे.

अकादमीची स्थापना माद्रिदमध्ये 1713 साली झाली. तिचा पहिला कोश सहा खंडांचा, 1726 ते 1739 या काळात छापलेला. आजच्या कोशाची तेविसावी आवृत्ती 2014 मध्ये आली. तिच्यात 93 हजारांहून अधिक नोंदी आहेत आणि अर्थ मोजले तर ते 1 लाख 95 हजारांच्या वर जातात. म्हणजे सरासरी एका शब्दाला दोन अर्थ. ही सगळी संपत्ती कुणालाही फुकट पाहता येते, खातं उघडावं लागत नाही.

आता ‘रिको’ची नोंद. शीर्षकात शब्दाच्या शेजारी स्वल्पविराम देऊन नुसतं ‘का’ लिहिलेलं दिसतं. पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो. ते स्त्रीलिंगी रूपाचं शेपूट आहे, रिको–रिका. त्याखाली व्युत्पत्ती, शब्द गॉथिक या जुन्या, आता लुप्त झालेल्या जर्मानिक भाषेतल्या ‘रीक्स’वरून आला. रीक्स म्हणजे सत्ताधारी, बलवान. इथे मी बराच वेळ रेंगाळले, कारण या गॉथिक शब्दाचं मूळ मागे नेत गेलं की लॅटिनमधला ‘रेक्स’ आणि संस्कृतातला ‘राजन्’ त्याच घराण्यात भेटतात. आपला ‘राजा’ आणि स्पॅनिश ‘रिको’ नात्यातले निघाले! एकदा हे कळलं की पुढचे अर्थ पाठ करावे लागत नाहीत. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्याकडे पैसा. पैसा तिथे विपुलता. जे विपुल आणि उत्तम, ते जिभेलाही सुखाचं. कोशात आधी धनवान, मग भरपूर, मग चविष्ट असे अर्थ एकाखाली एक येतात, आणि वाचताना ही वाट डोळ्यांसमोर उभी राहते.

मला हवा होता तो अर्थ आणखी खाली सापडला. लहान मुलाला ‘रिको’ म्हणतात ते लाडानं. मराठीत आपण ‘गोड’ शब्दाचं हेच करतो. खीर गोड, गळा गोड आणि पाळण्यातलं बाळही गोड. चवीचा शब्द मायेसाठी वापरायची खोड दोन्ही भाषांना आहे. आणि आपण रागावून ‘हे बघ, बाळा’ म्हणतो, तसं स्पेनमध्ये चिडलेला माणूस ‘मिरा, रिको’ म्हणतो. तेव्हा त्यात माया शोधू नये.

कोशाची मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे व्याख्येतला कुठलाही शब्द दाबला की त्याची नोंद उघडते. ‘साब्रोसो’ (चविष्ट) दाबलं, तिथून ‘साबोर’वर (चव) गेले, अर्धा तास कसा गेला कळलं नाही. ‘रिको’च्या शेजारी मराठीतला एक शब्द ठेवून कोश मोकळा होत नाही. तो तुम्हाला त्या शब्दाच्या स्पॅनिश शेजाऱ्यांमध्ये नेऊन बसवतो. द्विभाषिक यादीतून हे मिळत नाही. संक्षेपांची मात्र सवय करून घ्यावी लागते. ‘कोलोक.’ दिसलं की बोलीतला वापर समजायचा.

हा कोश कुणासाठी नाही, हेही सांगते. व्याख्या सगळ्या स्पॅनिशमध्ये आहेत, त्यामुळे अगदी पहिल्या महिन्यात तो उघडून उपयोग नाही. साधी वाक्यं वाचता यायला लागली की उघडा. आणि वाक्यात शब्द कसा बसवायचा हे शिकवणं त्याचं काम नव्हे, ते व्याकरणाच्या पुस्तकातून घ्यावं लागतं. ‘रिको’च्या बाबतीत तर ते घ्यायलाच हवं. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ला दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. माणसाबद्दल ‘एस रिको’ म्हटलं तर तो पैसेवाला. समोरच्या ताटाबद्दल ‘एस्ता रिको’ म्हणजे मस्त झालंय. पण मोठ्या माणसाला ‘एस्ता रिको’ म्हटलं तर त्याच्या देहाचं कौतुक होतं, आणि तेही जरा उघड्यावाघड्या शब्दांत. साहेबांच्या श्रीमंतीबद्दल बोलताना क्रियापद चुकू देऊ नका. ‘रिको’च्या पुढे ‘एन’ जोडला की पुन्हा वेगळं: ‘रिको एन इएर्रो’ म्हणजे लोहानं समृद्ध.

लॅटिन अमेरिकेतल्यांशी बोलणं असेल, तर स्पॅनिश अकादम्यांच्या संघटनेचा 2010 चा ‘अमेरिकानिस्मोस’ कोशही शेजारी ठेवा. कोलंबियात कुणी भेटल्यावर ‘के रिको बेर्ते’ म्हणतं. तुला भेटून किती छान वाटलं, एवढाच त्याचा अर्थ. तिथे खाण्याचा संबंध नाही, पैशाचाही नाही.

त्या पत्रात मी शेवटी लिहिलं, ‘पोर भारी गोड आहे, आणि पोटभर जेवते.’ गठ्ठ्यात पुढे ‘रिको’ आणखी तीनदा आला. एकदा सूपला, एकदा ओढ्याकाठच्या जमिनीला, एकदा घरमालकाला. सूप चविष्ट झालं, जमीन सुपीक, आणि ‘श्रीमंत’ हा शब्द मी घरमालकासाठी वापरला.