आधी अटकाव की आधी पडताळणी? पीएनबी आणि सत्यम शेजारी ठेवून

कंपनीत अंतर्गत नियंत्रणं दोन्ही प्रकारची लागतात: गैरव्यवहार होऊच न देणारी (अटकाव) आणि झालेला पकडणारी (पडताळणी). पण बजेट दोन्हींना एकदम मिळत नाही. मग आधी कशाला द्यायचं?

पंजाब नॅशनल बँकेत अटकावच ढिला होता. मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून 'लेटर ऑफ अंडरटेकिंग', म्हणजे ग्राहकाच्या परदेशी कर्जासाठी बँकेने दिलेली हमीपत्रं, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून जात राहिली, कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेबयंत्रणेत, मात्र त्यांची नोंदच नाही, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. संबंधित अधिकारी वर्षानुवर्षं त्याच शाखेत. तो निवृत्त झाल्यावर, जानेवारी २०१८ मध्ये, नव्या माणसांनी ग्राहकाकडे पूर्ण मार्जिन, म्हणजे हमीइतकीच रक्कम तारण म्हणून मागितली, तेव्हा कुठे बिंग फुटलं. फेब्रुवारीत बँकेने जाहीर केलेला आकडा सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा होता. मेकर-चेकर (एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची), वेळेवर बदल्या, सक्तीची रजा, यंत्रणांची जोडणी: यातलं काहीच महागडं नाही. यातली एखादी गोष्ट जरी नेटाने पाळली असती, तरी हे इतकी वर्षं चाललं नसतं.

सत्यम कॉम्प्युटर्स या आयटी कंपनीत असला अटकाव कामाचा नव्हता. बनावट इन्व्हॉइस आणि खोट्या मुदत ठेवी वरूनच येत होत्या; नियम मोडणारा आणि नियम करणारा एकच. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड व बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. इथे उपयोग झाला असता तो पडताळणीचा: शिल्लक खरी आहे का हे लेखापरीक्षकाने बँकेलाच थेट विचारायचं, कंपनीने हातात दिलेल्या कागदावर विसंबायचं नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. शाखा, गोदामं, खरेदी विभाग असे अनेक हात पैशाला लागत असतील, तर आधी अटकाव. सगळे निर्णय प्रवर्तक किंवा एकच एमडी घेत असेल, तर आधी पडताळणी. तिथे मंजुरीसाठी महागडं सॉफ्टवेअर बसवणं म्हणजे चोराच्याच हाती किल्ल्या देणं.

एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं कायद्याने सक्तीचं आहे. ती रोज वाचणारा माणूस मात्र कायदा पुरवत नाही. तो तुम्हालाच नेमावा लागेल. आणि अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुखाची पगारवाढ सीएफओ (वित्त प्रमुख) ठरवत असेल, तर पहिल्यांदा ती संचालक मंडळाच्या ऑडिट कमिटीकडे न्या. त्याला तर बजेटही लागत नाही.