जीटी८६ च्या मूळ रिमवर टायर: २१५ ठेवावा, २२५ बसवावा की आधी रिम बदलावी?

टोयोटा जीटी८६ २०१२ साली आली ती ७ इंच रुंद, १७ इंची अलॉयवर आणि २१५/४५ आर१७ टायरवर. यात २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ४५ म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते, आणि १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. टायर होता मिशलिन प्रायमसी एचपी. हाच टायर प्रियसलाही मिळायचा, म्हणजे शांत चाल आणि मायलेज बघून केलेला. यात काटकसरीचा प्रश्न नव्हता. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांना टर्बो नको होता, फोर व्हील ड्राइव्ह नको होता आणि फार पकड असलेले टायरही नको होते. २०० पीएस (अश्वशक्ती) ची, साधारण १,२४० किलोची गाडी बेताच्या वेगातही मागून हलकेच सुटावी आणि चालवणाऱ्याला ती सावरता यावी, अशीच तिची आखणी होती.

भारतात ही गाडी अधिकृतपणे विकली गेली नाही. पण ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा दुबईत नोकरीला असलेली आपली बरीच मुलं ती आता सेकंडहँड घेतात. टायर घासले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रिम तीच ठेवून टायर रुंद घ्यावा का? अमेरिकेत सायन एफआर-एस नावाने विकल्या गेलेल्या गाडीला आणि तिची जुळी असलेल्या त्याच पिढीच्या सुबारू बीआरझेडलाही हेच हिशेब लागू आहेत. काही देशांत साध्या मॉडेलला १६ इंची रिम आली होती, त्यांचं गणित वेगळं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला २१५ मध्येच चांगलं रबर घ्या. २२५ घेण्याची कारणं आहेत, पण ती मोजकी आहेत. त्यापलीकडचं काहीही ७ इंची रिमवर बसवू नका.

आधी आकडे समोर ठेवू.

| टायर | बाहेरचा व्यास | मान्य रिम रुंदी |
|---|---|---|
| २१५/४५ आर१७ | ६२५ मिमी | ७ ते ८ इंच |
| २२५/४५ आर१७ | ६३४ मिमी | ७ ते ८.५ इंच |
| २३५/४५ आर१७ | ६४३ मिमी | ७.५ ते ९ इंच |
| २४५/४० आर१७ | ६२८ मिमी | ८ ते ९.५ इंच |

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी वाचत नाही. टायरवर छापलेली रुंदी ही ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते. २२५/४५ साठी ती रिम साडेसात इंचाची धरतात. रिम अर्धा इंच अरुंद झाली की टायरची रुंदी साधारण ५ मिमीने कमी भरते. म्हणजे तुमच्या ७ इंची रिमवर २२५ चा टायर प्रत्यक्षात २२० च्या आसपास बसतो. २१५ ची मोजणीची रिम मात्र ७ इंचीच आहे, त्यामुळे तो जवळपास छापल्याइतकाच भरतो. कागदावर १० मिमीचा फरक दिसतो, हातात पडतात पाच-सात. त्यात दोन कंपन्यांचे एकाच मापाचे टायर शेजारी ठेवून पाहिले तर ट्रेडच्या (जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याच्या) रुंदीत तेवढा फरक सहज सापडतो.

रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर टेकणार, हा समजही अर्धाच खरा आहे. जमिनीवर टायरचा जो ठसा पडतो त्याचं क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरचं वजन आणि आतली हवा या दोन गोष्टींवर ठरतं. टायर रुंद केला की ठसा आडवा वाढतो आणि लांबीला कमी होतो. वळणात या आडव्या ठशाचा फायदा होतो, आणि जास्त रबरात उष्णताही जास्त वाटली जाते, म्हणून ट्रॅकवर रुंद टायर उशिरा तापतो. पण रस्त्यावर, थंड टायरवर, पकडीतला मोठा फरक येतो तो रबराच्या मिश्रणातून, म्हणजे कंपाउंडमधून. २१५/४५ आर१७ या मापात मिशलिनचाच पायलट स्पोर्ट ४ मिळतो. प्रायमसी काढून तो बसवला की ब्रेकिंग, ओल्या रस्त्यावरचा विश्वास आणि वळणातली धार, तिन्ही एका दमात बदलतात. व्यास तोच, स्पीडोमीटर तोच, गिअरचं गणित तेच. विम्याच्या कागदावरही मापात काही बदल नाही.

आता २२५. याच्या बाजूने सगळ्यात ठोस मुद्दा बाजारपेठेचा आहे. २२५/४५ आर१७ हे युरोपात हॅचबॅक आणि सेडानला सर्रास लागणारं माप. त्यामुळे ब्रँड जास्त, स्पर्धा जास्त, आणि अनेकदा तोच टायर २१५ पेक्षा स्वस्त पडतो. तुमच्या गावात असा फरक दिसत असेल तर २२५ घेण्यात कमीपणा नाही, माप मान्य मर्यादेत बसतं.

दुसरं कारण अमेरिकेतल्या ऑटोक्रॉसवाल्यांचं, म्हणजे मोकळ्या मैदानात शंकू मांडून वेळेची शर्यत करणाऱ्यांचं. तिथल्या एससीसीए या मोटरस्पोर्ट संघटनेच्या स्ट्रीट वर्गात रिमची रुंदी कारखान्याचीच ठेवावी लागते, टायरचं माप मात्र मोकळं असतं, फक्त ट्रेडवेअर (टायरवर छापलेला झिजेचा आकडा) २०० च्या खाली चालत नाही. मग लोक त्या ७ इंचात जेवढं रबर मावेल तेवढं कोंबतात. तिथे शर्यत शतांश सेकंदाची असते, पाच-सात मिलिमीटरसुद्धा मोलाचे ठरतात, आणि टायरची कड लवकर झिजली तरी त्यांची हरकत नसते. त्यांचं पाहून रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी निर्णय घेऊ नका. त्यांना रिम रुंद करायची मुभा नाही, तुम्हाला आहे.

२२५ ची किंमत कुठे मोजावी लागते? एक, गाडी साडेचार मिमी उंच होते आणि घेर १.४ टक्क्यांनी वाढतो. मीटर १०० दाखवेल तेव्हा पूर्वीच्या तुलनेत गाडी १०१.४ ने जात असेल. युरोपच्या नियमानुसार मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये, म्हणून कंपन्या तो मुळातच थोडा जास्त दाखवणारा ठेवतात. त्यामुळे हा फरक सहसा खपून जातो. पण याच १.४ टक्क्यांनी प्रत्येक गिअर लांबतो. ज्या इंजिनाचा टॉर्क अवघा २०५ न्यूटन मीटर आहे आणि मधल्या फेऱ्यांत जे आधीच जरा दम खातं, त्याला ते जाणवतं. दोन, टायर थोडा जड होतो, आणि ते वजन चाकाच्या अगदी बाहेरच्या कडेला वाढतं.

तीन, आणि मला हेच सगळ्यात जास्त खटकतं: स्टीअरिंग. मागे उकिडवं बसून, डोळा टायरच्या पातळीला आणून बघा. २१५ ची साइडवॉल रिमच्या काठापासून बरीचशी सरळ वर चढते. २२५ ची काठाबाहेर फुगते आणि मग आत वळून ट्रेडला मिळते. स्टीअरिंग वळवल्यावर आधी तो फुगवटा तिरका होतो आणि मग गाडी वळते. क्षणाचाच उशीर आहे. पण या गाडीचं सगळं मोठेपण त्या पहिल्या क्षणात आहे. इंजिन खाली, बसणं खाली, आणि नाक कसं विचारल्याबरोबर वळतं! त्या उत्तरात आपणच मऊपणा आणायचा, हे मनाला पटत नाही. कडक साइडवॉलचा टायर घेतला तर हा दोष बराच झाकला जातो, हे मान्य.

घासण्याची भीती मूळ उंचीच्या सस्पेन्शनवर २२५ ला फारशी नाही. तरी पुढे मॅकफर्सन स्ट्रट (चाकाच्या आतल्या बाजूचा उभा शॉक अॅब्सॉर्बर) आहे, म्हणून आतल्या बाजूने टायर आणि स्ट्रट यांच्यात बोट घालून जागा तपासा, आणि स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून मडगार्डच्या आतलं प्लास्टिक बघा. गाडी खाली बसवलेली असेल तर हे दोनदा करा.

२३५ आणि २४५ वर फार शब्द घालवत नाही. ७ इंच ही रुंदी त्यांच्या मान्य मर्यादेतच नाही. दोन्ही साइडवॉल आत ओढल्या जातात, ट्रेड मधे फुगतो, कडा नीट टेकत नाहीत आणि मधला पट्टा आधी संपतो. हवा कमी असताना जोरात वळण घेतलं तर बीड (टायरची रिमला धरणारी आतली कड) रिमवरून सरकण्याचा धोका असतो. बसवून देणारा दुकानदार भेटेल, पण त्याने बसवला म्हणून तो बरोबर ठरत नाही. फक्त मागे रुंद टायर लावायचा विचारही सोडा. ही गाडी चारी चाकांना एकच माप धरून जुळवलेली आहे. मागची पकड वाढली की पुढचं टोक वळणात बाहेर जायला लागतं, आणि जी गंमत घ्यायला गाडी घेतली तीच निघून जाते.

ज्यांना खरोखर रुंदी हवी आहे, म्हणजे महिन्याकाठी ट्रॅकवर जाणारे किंवा सुपरचार्जर लावलेले, त्यांनी पैसे आधी रिमवर घालावेत. १७ इंची, ८ इंच रुंद, हलकी रिम घेतली की २२५/४५ तिच्यावर ताठ बसतो आणि वरचा फुगवट्याचा सगळा आक्षेप गळून पडतो. मूळ रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून नट बसतात त्या पृष्ठभागाचं अंतर) ४८ मिमी आहे. नवी रिम त्याच्या आसपास किंवा थोड्या कमी ऑफसेटची घ्या, म्हणजे वाढलेला एक इंच आत-बाहेर वाटला जाईल. कंपनीनेही पुढच्या जीआर८६ ला रिम साडेसात इंचाची केली, पण टायर २१५ च ठेवला, हे लक्षात घेण्यासारखं आहे. तिथेही आधी रिम रुंद झाली.

कागदपत्रांचं थोडक्यात. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा छापील आकडा) मूळ ८७ च्या खाली जाऊ देऊ नका. २२५ मध्ये तो सहसा ९१ किंवा ९४ असतो, म्हणून अडचण येत नाही. ब्रिटनमध्ये माप बदललं तर विमा कंपनीला कळवा. अपघातानंतर हा मुद्दा निघण्यापेक्षा आधीचा एक फोन बरा.

कोणताही टायर घेतलात तरी हवा ठरवायला हे करा: टायरच्या कडेवर, ट्रेड आणि साइडवॉल मिळतात तिथे, ट्रेडवरून साइडवॉलवर उतरणारी खडूची रेघ ओढा. वाहतुकीला बंद असलेल्या मोकळ्या जागी वळणं घेऊन परत या आणि रेघ कुठपर्यंत पुसली ते बघा. बऱ्याच टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो. त्याच्या खाली, रिमच्या बाजूला, खडू पुसला गेला असेल तर टायर कडेवर लोळतोय, दोन पीएसआय हवा वाढवा. त्रिकोणाच्या बऱ्याच वर खडू शाबूत असेल तर थोडी कमी करा, पण दारावरच्या स्टिकरच्या आकड्याखाली जाऊ नका. ७ इंची रिमवरच्या २२५ ला २१५ पेक्षा थोडी जास्त हवा मागायची सवय असते.