डिकोडर बसवला, हेडलाइट लागेना: जुना बल्ब ठेवायचा की एलईडी लावायचा?

मॉडेल रेल्वेच्या इंजिनात डिकोडर (कंट्रोलरचे डिजिटल आदेश समजून मोटर आणि दिवे चालवणारी छोटी चिप) बसवल्यावर इंजिन मस्त पळतं, पण पुढचा दिवा लागत नाही. ‘बल्ब उडाला असेल, एलईडी टाकू’ असं लगेच मनात येतं. माझाही कौल एलईडीलाच आहे, पण आधी दोन गोष्टी तपासा. नाहीतर चांगला बल्ब विनाकारण उपटला जातो.

एक म्हणजे डिकोडरचा आठ पिनांचा प्लग. तो उलटा बसला तरी इंजिन धावतं. मोटरच्या नारिंगी आणि करड्या तारांची अदलाबदल होते, रुळांकडून येणाऱ्या लाल-काळ्या तारांचंही तेच. निळी तार मात्र हिरवीच्या जागी जाते आणि दिव्यांना मिळणारा प्लसच तुटतो. इंजिन उलट्या दिशेने जातंय आणि दिवे बंद आहेत, असं दिसलं की प्लग काढून फिरवून लावा, काम झालं.

दुसरं लक्षण म्हणजे वेग वाढवताना दिवा लागतो-विझतो. इथे तारांचा दोष नसतो. कंट्रोलर २८ किंवा १२८ स्टेपवर (वेगाच्या पायऱ्यांवर) आणि डिकोडर १४ वर असला की असं होतं. सीव्ही २९ (डिकोडरमधली एक सेटिंग) मध्ये इंजिनाच्या लहान पत्त्यासाठी, म्हणजे ओळख-क्रमांकासाठी ६, चार आकडी लांब पत्त्यासाठी ३८ भरा.

हे दोन्ही ठीक असेल, तर मग प्रश्न खरंच दिव्याचा आहे.

जुन्या इंजिनातला १२ व्होल्टचा बल्ब तसाच ठेवणं सर्वांत सोपं वाटतं, पण मला तोच पर्याय सर्वांत कमी पटतो. डीसीवर (डिकोडरशिवायच्या जुन्या पद्धतीत) तो गाडीच्या वेगाप्रमाणे मंद-प्रखर व्हायचा. डीसीसीवर (डिकोडरच्या डिजिटल पद्धतीत) मात्र इंजिन उभं असतानाही पूर्ण व्होल्टेजवर जळत राहतो आणि प्लॅस्टिकच्या बॉडीला लागून असला तर ती मऊ पडते. शिवाय थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. बऱ्याच डिकोडरच्या एका फंक्शनची (दिव्यासारख्या गोष्टीसाठीच्या जोडणीची) मर्यादा १०० मिलिअँपिअरच्या आसपास असते, त्यामुळे दिवा क्षणभर लुकलुकून बंद पडतो. बल्बचं एक टोक चासीला (इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेलं असेल तर ते सोडवून निळ्या तारेवर घ्यावंच लागतं.

दीड व्होल्टचा बारीक बल्ब दिसायला सुंदर असतो, त्याची पिवळसर ऊब एलईडीला पूर्णपणे साधत नाही. पण तो रेझिस्टरशिवाय लावला तर त्याच क्षणी जातो, आणि बदली बल्ब नाशिकच्या दुकानांत मिळेल याचा भरवसा नाही. साधे एलईडी आणि रेझिस्टर मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतात.

एलईडीचं गणित सरळ आहे. फंक्शनवर साधारण १३ व्होल्ट, पांढरा एलईडी त्यातले ३ घेतो. मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, लाल पट्टे) टाकला की १० मिलिअँपिअर वाहतात. डोळ्यांना जास्त वाटलं तर २.२ किलोओहम घाला. लांब पाय निळ्या तारेला, आखूड पाय पुढच्या दिव्याच्या पांढऱ्या तारेला. मागच्या दिव्याची तार पिवळी. पाय कापलेले असतील तर ३ व्होल्टच्या बटण सेलला क्षणभर टेकवून पाहा. दिवा लागला की सेलच्या प्लसला टेकलेला पाय निळ्या तारेचा. उलटा जोडलेला एलईडी लागत नाही, आणि ‘डिकोडर गेला’ अशी बरीच हाकाटी या एवढ्याशा कारणाने होते.

रंग विचारपूर्वक निवडा. इगतपुरी-कसारा घाटात मालगाड्या ओढणारं डब्ल्यूसीजी-१ म्हणजे ‘खेकडा’ (पहिली इंजिनं १९२८ च्या सुमाराची) बनवत असाल तर वॉर्म व्हाइटच घ्या. निळसर पांढरा प्रकाश त्या काळाच्या इंजिनावर खटकतो. नाशिकरोडवरून जाणाऱ्या, एलईडी हेडलाइट बसवलेल्या आजच्या इंजिनांना मात्र तोच शोभतो.

बल्ब ठेवा असं मी एकाच बाबतीत सांगेन: पितळी बॉडीचं जुनं इंजिन, मूळ बल्ब शाबूत आणि करंट ५० मिलिअँपिअरच्या आत. तो मल्टिमीटरने आधी मोजा, मग बल्बसोबत ३३ ओहमचा रेझिस्टर जोडा, म्हणजे सुरुवातीचा झटका आटोक्यात राहतो. दिवा कुठलाही असो, रेझिस्टरच्या उघड्या तारांवर श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची नळी) चढवल्याशिवाय बॉडी बंद करू नका. चासीला त्यातली एक जरी टेकली तरी डिकोडर जाऊ शकतो.