न्यूज ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन: पंचगंगेला पाच स्टार, राजकारणाला दीड

गेल्या दिवाळीत ऑफर होती म्हणून एका न्यूज ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, ७९९ रुपये. नाव घेत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको, आणि तसंही जे सांगणारे ते बाकीच्यांनाही लागू होतंय. काल ऑटो-पेचा मेसेज आला म्हणून पैसे कापायच्या आधी लिहून टाकतो.

आधी चांगलं सांगतो. जाहिराती नाहीत, उघडतंय पटकन, आणि पावसाळ्यात आमच्या कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तर एक नंबर. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट, आत्ता किती, दोन तासांपूर्वी किती, इंचासकट. शिवाजी पेठेत बसून पप्पा चष्मा कपाळावर सरकवून दर तासाला विचारायचे, "किती झालं रे?" आणि मी सांगायचो. ह्याच्यात कधी चूक नाही.

आता हेच ॲप पक्षाचा अध्यक्ष कसा ठरला हे सांगायला लागलं की फूट-इंच सगळं गायब होतंय. तिथं फक्त सूत्रं. एका रविवारी दुपारी जेवण करून पडलो होतो, झोप येईना, म्हणून जुन्या बातम्यांचं सर्च उघडलं. काँग्रेसची २०२२ ची अध्यक्षपदाची निवडणूक टाकली. १७ ऑक्टोबरला मतदान, १९ ला निकाल, खर्गे ७,८९७, थरूर १,०७२, बाद मतं ४१६. हे आकडे बातमीच्या पार तळाला, वरती हेडिंगमध्ये आणि पहिल्या चार पॅऱ्यात काय तर औपचारिकता, घराण्याची पसंती, ठरलेलाच निकाल. बरं असेलही ठरलेला, माझं काय म्हणणं नाही. पण मग भाजपची जानेवारी २०२० ची बातमी काढली, नड्डांची. २० तारखेला अर्ज, छाननी, निवड, सगळं एका दिवसात, समोर दुसरा उमेदवारच नाही त्यामुळं मत पडायचा प्रश्नच नाही, आणि तिथं शब्द काय तर एकमत आणि शिस्त!

म्हणजे जिथं मतं मोजली ती औपचारिकता आणि जिथं मोजायची वेळच आली नाही ती शिस्त.

पुढं बघा. राहुल गांधींच्या राजीनाम्यानंतर ऑगस्ट २०१९ पासून सोनिया गांधी हंगामी अध्यक्ष, तीन वर्षं ढकललं, त्याला ह्यांनी 'नेतृत्वाचा पेच' म्हटलंय. नड्डांना जानेवारी २०२३ मध्ये जून २०२४ पर्यंत मुदतवाढ दिली, त्याला 'विश्वास कायम'. दोन्हीकडं निवडणूक पुढंच ढकललेली की.

आता कुणी म्हणेल हा अमक्या पक्षाचा दिसतोय. थांबा. माझ्या मित्राकडं दुसरं ॲप आहे, पार उलट्या बाजूचं, त्यात खर्गेंची निवड म्हणजे लोकशाहीचा उत्सव आणि नड्डांची म्हणजे 'वरून आलेला आदेश', पण वरून म्हणजे कुणी, कधी, कुणाला फोन केला, एक ओळ नाही. दोघंजण एकमेकांच्या ॲपवर दात काढत होतो आणि माहिती दोघांकडंबी तेवढीच.

पप्पा ऐकत होते. म्हणाले, "९७ ला पवार उभं होतं तवा आम्ही रात्रभर रेडिओला कान लावून होतो." काँग्रेसच्याच अध्यक्षपदाची गोष्ट. मी शोधलं, सीताराम केसरी ६,२२४, पवार ८८२, राजेश पायलट ३५४. पप्पांना आकडे आठवत नव्हते, पवारांचा पाचशेच्या आत होता असं वाटत होतं, त्यावर वाद. २००० साली तर जितेंद्र प्रसादांना सोनियांसमोर ९४ मतं. आणि पवारांचंच पुढचं बघा, २ मे २०२३ ला मुंबईत राष्ट्रवादीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा जाहीर केला, ५ मे ला पक्षाच्या समितीनं फेटाळला. त्या दिवसांत मी सलूनमध्ये खुर्चीवर, गळ्याला फडकं, समोर टीव्हीवर उत्तराधिकारी कोण, उत्तराधिकारी कोण. ती समिती कुणी नेमली आणि राजीनामा फेटाळायचा अधिकार तिला कुठल्या कलमानं, हे दाढी संपेपर्यंत कुणी विचारलं नाही.

आमच्या तालमीचा, म्हणजे पेठेतल्या मंडळाचा, गणपतीचा अध्यक्ष कसा ठरतो सांगतो. मीटिंग रात्री नऊला. नाव आदल्या संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर ठरलेलं असतंय, धारोष्ण दुधाचा ग्लास हातात, तिघं-चौघं. मग तालमीत आण्णा उभं राहून नाव सुचवणार, मागनं अनुमोदन, टाळ्या, चहा, आणि प्रोसिडिंगमध्ये 'सर्वानुमते'. प्रोसिडिंग खोटं नाही. फक्त पेठेतल्या बातमीदाराला कट्ट्यावर काय झालं ते माहीत असतंय आणि तो ते लिहीत नाही, कारण परवा त्यालाही वर्गणीच्या पावतीवर सवलत पाहिजे. दिल्लीत ह्यापेक्षा लई वेगळं असेल असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला पाहिजे. 'स्पेशल' नावाच्या टॅबमध्ये पार खाली एक लेख सापडला, चार मिनिटांचा. पक्षाची नोंदणी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाखाली होते, निवडणूक आयोगाकडं पक्षाची घटना द्यावी लागते, पण पक्षांतर्गत निवडणूक घ्यायलाच पाहिजे अशी सक्ती करणारा कायदा नाही. भाजपमध्ये निम्म्या राज्यांच्या संघटनात्मक निवडणुका झाल्याशिवाय राष्ट्रीय अध्यक्षाची होत नाही. वायएसआर काँग्रेसनं जगनमोहनना कायमचं अध्यक्ष केल्याची बातमी आली तेव्हा २०२२ मध्ये आयोगानं हे लोकशाहीविरोधी आहे म्हणून झापलं होतं. एवढं स्वच्छ लिहिलंय, आणि त्याचं नोटिफिकेशन एकदाही नाही. कुठला नेता बैठकीतून तोंड पाडून बाहेर पडला ह्याची मात्र सकाळी सहा वाजल्यापासून टिंग टिंग.

तक्रार एकच केली होती. एका बातमीचं हेडिंग सकाळी 'चुरस', संध्याकाळी त्याच लिंकवर 'एकमत', खाली दुरुस्तीची टीप नाही. दोन्ही स्क्रीनशॉट पाठवले. उत्तर आलं, आपला अभिप्राय मोलाचा आहे, आणि खाली दोन वर्षांच्या प्लॅनवर वीस टक्के सूट.

ऑटो-पे बंद करायचं बटण शोधायला अर्धा तास गेला, ते 'प्रोफाइल'मध्ये नाही, 'मदत'च्या आत आहे, कुणाला लागलं तर बघा. पप्पांना सांगितलं बंद केलं म्हणून. म्हणाले, "बरं केलंस, पण जुलैत पाणी कुठं बघायचं?" म्हणून फ्री व्हर्जन ठेवलंय, पूर नोटिफिकेशन ऑन, राजकारण ऑफ.