शोकेस की कॉलेजचा कॅम्प? एका कॅचरच्या बापाचा हिशोब

यंदा मंडळाच्या गणपतीत आरती संपून ताटं मांडायच्या आत दोघा बापांनी मला एकाच प्रश्नावरून गाठलं. पोरगा दहावीत आहे, बेसबॉल मनापासून खेळतो, कॉलेजात खेळायचं म्हणतो, तर पुढच्या उन्हाळ्याचे पैसे शोकेसवर (म्हणजे फी भरून आपले आकडे मोजून घ्यायचे आणि ते सगळीकडच्या कोचना दाखवायचे) घालावेत की कॉलेजच्या कॅम्पवर (म्हणजे एका कॉलेजच्या कोचसमोर जाऊन खेळायचं)? हातात प्रसादाची वाटी आणि मागे ढोल, त्यामुळे तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. ते आता देतो.

आधी आमची बाजू सांगतो, म्हणजे माझं म्हणणं कितपत धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मुलगा कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल घेणारा, बेसबॉलचा यष्टिरक्षकच म्हणा), उजव्या हाताचा, शाळा न्यू जर्सीतली. दोन वर्षांत तीन शोकेस आणि पाच कॅम्प झाले. आता तो पेनसिल्व्हेनियात एका डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसऱ्या श्रेणीच्या, कॉलेजात खेळतो, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही. म्हणजे कुठल्या यशोगाथेच्या जोरावर मी बोलत नाहीये. एका पोरावरून बनलेलं मत आहे, त्याच मापाने घ्या.

शोकेसच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. सकाळी पाठीवर नंबर लावून पोरं रांगेत उभी राहतात, 60 यार्ड धावतात, टीवरून (बॉल ठेवायची उभी दांडी) बॉल मारून एक्झिट व्हेलो (बॅटवरून सुटलेल्या बॉलचा वेग) देतात, आपापल्या जागेवरून थ्रो करतात आणि दुपारी थोडा खेळ होतो. काही दिवसांत सगळे आकडे प्रोफाइलवर चढतात आणि टेक्ससमधल्या कोचलाही घरबसल्या दिसतात. आपल्यासारख्या थंडीच्या राज्यात याची किंमत जास्त. इथला शाळेचा सीझन आखूड, आणि एप्रिलच्या पावसात स्काउट (खेळाडू हेरणारी माणसं) फिरकत नाहीत. मेजर लीगचा (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) तारा माइक ट्राउट मिलव्हिलचा, म्हणजे आपल्याच राज्याचा. 2009 च्या ड्राफ्टला (मेजर लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) तो सिकॉकसच्या स्टुडिओत स्वतः येऊन बसला होता, आणि त्याचं नाव पुकारलं गेलं ते 25व्या क्रमांकाला. तो जर कॅलिफोर्नियात वाढला असता तर इतका वेळ बसावं लागलं नसतं, असं इथले जुने कोच अजून म्हणतात. तेव्हा दूरच्या माणसाला दिसण्याची सोय म्हणून शोकेसला मी नावं ठेवणार नाही.

पण त्या आकड्यांकडे जरा जवळून बघू या. 60 यार्ड म्हणजे 180 फूट, म्हणजे एका बेसपासून पुढच्या बेसपर्यंतच्या अंतराच्या दुप्पट. लांब मागे उभं राहून धावणाऱ्या आउटफिल्डरला ठीक आहे. कॅचरला त्यावर जोखणं म्हणजे यष्टिरक्षकाला बोलावून यॉर्कर टाकायला लावणं. शिवाय एका ठिकाणी लेझर, दुसऱ्या ठिकाणी हातातलं स्टॉपवॉच, आणि तिसरीकडे कोच दोन्हीची तुलना करत बसलेला. हाताने घेतलेली वेळ लेझरपेक्षा सहसा कमी भरते, कारण पोरगा हललेला दिसल्यावरच अंगठा दाबला जातो. धावण्याच्या शर्यतींमध्ये म्हणूनच छोट्या अंतराच्या हातवेळेत 0.24 सेकंद मिळवायची जुनी पद्धत आहे. बेसबॉलमध्ये कुणी काही मिळवत नाही.

आणि 20 ते 80 ची ती स्काउटांची मोजपट्टी. हिच्यापायी मी एकदा घरात बरीच बोलणी खाल्ली आहेत. एका स्काउटने ओळखीखातर मुलाच्या थ्रोला 40 दिले. आमच्याकडे 35 ला पास करणारं बोर्ड; 40 ऐकल्यावर बायकोने विचारलं, "बाकीचे 60 कुठे गेले?" तिला समजावता समजावता माझी दमछाक झाली की इथे 50 म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, आणि सोळा वर्षांच्या पोराला 40 मिळणं हे पेढे वाटण्यासारखं आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. ज्या एका गोष्टीवर माझा निकाल लागला ती म्हणजे पॉप टाइम.

बॉल कॅचरच्या मिटमध्ये आदळला की घड्याळ सुरू, आणि सेकंड बेसवरच्या फील्डरच्या ग्लोव्हमध्ये पोचला की बंद. प्लेटपासून (बॅटर उभा असतो ती जागा) सेकंड बेसपर्यंतचं अंतर 127 फूट सव्वातीन इंचांच्या किंचित वर. मेजर लीगमध्ये हा काळ साधारण 2 सेकंद असतो. पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) हालचाल सुरू केल्यापासून बॉल प्लेटपर्यंत यायला 1.3 धरा, वर हे 2, झाले 3.3, आणि चांगला बेस चोरणारा रनर (पिचर बॉल टाकत असतानाच पुढच्या बेसकडे पळणारा) फर्स्टवरून सेकंडला साधारण तेवढ्याच वेळात पोचतो. म्हणजे कॅचरचं सगळं नशीब दशांशाच्या पुढच्या दुसऱ्या आकड्यावर टांगलेलं असतं.

शोकेसमध्ये हा थ्रो करताना समोर बॅट फिरवणारा कुणी नसतो, रनर नसतो, आणि येणारा बॉल सरळच असणार हे ठाऊक असतं. त्यामुळे बरीच पोरं अर्धवट उठूनच बसलेली असतात आणि बॉल मिटमध्ये यायच्या आत एक पाऊल पुढे निघालेली असतात. खेळात असं केलं तर अर्धे बॉल मागच्या जाळीला जातील. हे सगळ्यांना माहीत आहे, आयोजकांनाही, कोचनाही. आमच्या चिरंजीवांना त्यांच्या शाळेच्या कोचने नीट खाली बसून बॉल घ्यायला शिकवलं होतं, आणि ते तिथेही नीट खाली बसले.

मार्च महिना, बोटं वळत नव्हती अशी थंडी. पाच थ्रो. सेकंड बेसवर आयोजकांनी उभा केलेला मुलगा दुसऱ्याच कुठल्या शाळेचा, बेसच्या दीड पाऊल मागे उभा, आणि सरळ आलेला बॉलही छातीशी ओढून घ्यायची त्याची सवय. माझ्या घड्याळात सगळ्यात चांगला थ्रो 2.09 आला. अधिकृत आकडा लागला 2.19. आता बापाचा अंगठा जरा लवकर थांबतो हे मला मान्य आहे. सगळा दहा शतांशांचा फरक त्या सेकंड बेसवाल्याच्या गळ्यात मी मारणार नाही. पण काही अंश त्याचा होता, आणि तो माझ्या मुलाच्या नावावर लिहिला गेला.

तोही चालला असता. वाईट दिवस कुणाचाही असतो. चाललं नाही ते यापुढचं. तो आकडा प्रोफाइलवर चिकटला. ऑगस्टपर्यंत पोरगा खेळात 2.05 च्या आसपास टाकायला लागला, त्याच्या कोचने व्हिडिओवरून मोजून दिलं. मी विचारणा केली की हे बदलता येईल का? उत्तर आलं, पुढच्या शोकेसला नाव नोंदवा. पुन्हा काहीशे डॉलर, आणि जवळच्या तारखा फेब्रुवारीपर्यंत भरलेल्या. अकरा महिने. त्या अकरा महिन्यांत पोरगा दोन इंच वाढला, आवाज फुटला, गाडी शिकला. आकडा तिथेच. कोचना पाठवलेल्या ईमेलला ज्यांची उत्तरं आली त्यातल्या दोघांनी पहिल्याच ओळीत विचारलं, "2.19 ना?" शाळेतला रनर सेकंदाला 25 फूट जरी धावतो म्हटलं तरी 2.19 आणि 2.05 मध्ये साडेतीन फुटांचा फरक पडतो. म्हणजे कागदावर आमचा कॅचर साडेतीन फुटांनी हरलेला, आणि मैदानावर रनरला बाद करत होता.

यावर लोक म्हणतात, मग आधी तयारी करून जायचं. बरोबर आहे. पण तयारी म्हणजे काय, तर बॉल यायच्या आत उठायची सवय लावायची. ती पुढे सोडवणार कोण?

आता कॅम्प. त्याचीही पिसं काढायला हवीत. "आम्ही तुमच्या मुलाकडे लक्ष ठेवून आहोत, खास निमंत्रण" असं पत्र आलं की आपण विरघळतो. कॉलेजचा कॅम्प येईल त्या सगळ्यांसाठी खुला ठेवावा लागतो, असा एनसीएएचा (कॉलेजच्या खेळांची संघटना) नियमच आहे. तेव्हा निमंत्रण म्हणजे त्यांच्या यादीत तुमचा ईमेल आहे, एवढंच. एका कॅम्पला शंभरावर पोरं होती आणि मुख्य कोच दिवसभर दिसलेच नाहीत. ते पैसे पाण्यात. शिवाय एका कॅम्पला एकच कॉलेज बघतं, मोटेल आणि पेट्रोल वेगळं. डिव्हिजन वनमध्ये अकरावीच्या आधीच्या 1 ऑगस्टपर्यंत कोच तुमच्या मुलाशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत, कॅम्पवरसुद्धा नाही. त्याआधी नेऊन "काही म्हणाले का रे?" विचारत बसू नका. मी बसलो होतो.

पण चौथ्या कॅम्पला जे पाहिलं त्याने माझं मन वळलं. सेकंड बेसवर त्या कॉलेजचा स्वतःचा शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर). सगळ्या कॅचरांना एकच हात, एकच ग्लोव्ह. पॉप टाइम घेतला, पण पुकारला नाही. मग प्रत्येक कॅचरला अनोळखी पिचरच्या पुढ्यात बसवलं. आमच्या वाट्याला आलेल्या पिचरचे कर्व्ह (वळणारे बॉल) जमिनीत घुसत होते. दोन बॉल पोराच्या पायांतून मागे गेले. तिसऱ्याआधी तो उठून पिचरकडे गेला, काहीतरी बोलला, परत येऊन बसला, आणि पुढचे सगळे अंगावर घेतले. कुंपणापाशी उभ्या सहायक कोचने खिशातून वही काढून लिहिलं ते तेव्हा, थ्रोच्या वेळी नव्हे. लहानपणी शिवाजी पार्कात झाडाखाली बसून शाळेच्या मॅचेस बघणाऱ्या म्हाताऱ्यांची आठवण झाली. त्यांच्याकडेही स्टॉपवॉच नव्हतं, पण कुणाची मान कधी खाली गेली ते त्यांना पाठ असायचं.

मुलाला परतताना विचारलं, किती आला पॉप टाइम? "सांगितला नाही." आकडा त्यांच्या वहीत राहिला. हिवाळ्यात पुन्हा बोलावलं, पुन्हा घेतला, जुना खोडला असेल. वहीतला आकडा खोडता येतो, हे मला त्या दिवशी फार मोठं वाटलं. कदाचित गरजेपेक्षा जास्तच वाटलं असेल, पण तराजू तिथेच झुकला.

कॅम्प निवडताना मी दोनच गोष्टी बघायला लागलो. पत्रात मुलाची पोझिशन लिहिली आहे का, आणि त्या कॉलेजच्या रोस्टरवर (संघाच्या यादीत) किती कॅचर आहेत, कुठल्या वर्षाचे. दोन सीनिअर, म्हणजे शेवटच्या वर्षाचे, असतील तर जागा होणार. तिघे पहिल्या वर्षाचे असतील तर कितीही गोड पत्र येवो, जाऊ नका. खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत शिरलेल्या डिव्हिजन वन कॉलेजांत आता रोस्टर 34 जणांवर बांधलं गेलं आहे, त्यामुळे हे डोकं मोजणं आणखी महत्त्वाचं झालंय.

माझं म्हणणं सगळ्यांना लागू नाही. पिचर असाल तर शोकेसचं पारडं जड, हे प्रामाणिकपणे सांगतो. बॉलचा वेग मोजणाऱ्या रडार गनसमोर सेकंड बेसवाल्या पोराचा प्रश्नच येत नाही. 2008 मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पिट्सबर्ग पायरेट्सने घेतले ते मुख्यतः गनच्या आकड्यावर, त्याआधी त्यांनी बेसबॉल खेळलेला नव्हता. कॅचरची निवड अशी कधी ऐकली आहे का? (मेजर लीगपर्यंत ते दोघेही पोचले नाहीत, हेही खरं.) तुमचा मुलगा ताशी 90 मैलांनी टाकत असेल तर हे वाचणं सोडा आणि मोठ्या शोकेसला जा, फोन आपोआप येतील. दूरच्या राज्यात जायचं असेल, कॉलेज ठरलेलंच नसेल, तरीही एक शोकेस करून ठेवायला हरकत नाही. एकच. आणि मार्चमध्ये नको.

घरी मोजायचं तर हातात धरायची छोटी रडार गन पुरे. बॉलच्या सरळ रेषेत मागे उभं राहायचं. बाजूने तिरकं धरलं की आकडा कमी दिसतो, मग उगाच घरात अबोला. पॉप टाइमला गनही नको, फोनचा स्लो मोशन व्हिडिओ आणि फ्रेम मोजायचा धीर हवा. आमच्याकडे तो धीर बायकोकडे निघाला.

आणि कॅचरला शोकेसला न्यायचंच ठरलं, तर त्याच्या टीममधला शॉर्टस्टॉपही सोबत न्या. त्याचीही फी भरा हवी तर. सेकंड बेसवर त्यालाच उभं करा असं नोंदणीच्या टेबलावर सकाळीच विनवून ठेवा, पहिल्या थ्रोच्या आत. आम्ही तिसऱ्या वेळी तेच केलं. 2.04 आला.