घरचं बीपी मशीन की २४ तासांचा पट्टा?

मावशीचा फोन आला: दवाखान्यात १५०/९४, शेजाऱ्यांच्या मशीनवर १२८/८०. डॉक्टर म्हणाले, गोळीआधी आठवडाभर घरी मोजा, नाहीतर २४ तासांचा पट्टा (दंडाला बांधून दिवसरात्र आपोआप बीपी मोजणारं यंत्र) लावा. काय करू?

आधी खर्च. दंडाचं चांगलं मशीन दीड-दोन हजारांपासून मिळतं, वर्षानुवर्षं घरभर वापरता येतं. पट्ट्याचे पैसे दर वेळी नव्याने.

त्रास मात्र उलटा. पट्टा एकदा बांधला की संपलं. दिवसा साधारण अर्ध्या तासाने आपोआप आवळतो, रात्रीही. झोप मोडते, अंघोळ बुडते. घरी मोजायचं तर शिस्त हवी: आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, हात छातीच्या पातळीला, सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी. (मधूनच आलेला १४८ वहीत न लिहिणं ही आमची घराण्याची खोड!)

नेमकेपणात पट्टा सरस, कारण झोपेतलं बीपी फक्त तोच दाखवतो. निकषही वेगळे: दवाखान्यात १४०/९०, घरी सरासरी १३५/८५, चोवीस तासांची १३०/८०. यावर गेलं तर उच्च रक्तदाब.

मावशीसारख्या, दवाखान्यात पाऊल टाकताच धडधडणाऱ्यांना आणि गोळी सुरू असणाऱ्यांना घरचं मशीन पुरे. घरचे आकडे सीमेवर घुटमळत असतील, रात्रीच्या बीपीची शंका असेल किंवा वही लिहिणं जमणारच नसेल, तर पट्टा. घरी १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखलं किंवा बोलणं अडखळलं, तर तडक इस्पितळ.