नव्या घरासोबत मिळणारं तयार लॉन: गवताला चार, जमिनीला एक

घराचा ताबा देताना बिल्डर अंगणात लॉनचे रोल अंथरून देतात, त्या कामाचं हे परीक्षण. गवताला पाचपैकी चार गुण, खालच्या जमिनीला जेमतेम एक. गवत नर्सरीत नीट वाढलेलं असतं आणि पहिले काही आठवडे रोलसोबत आलेल्या मातीच्या पातळ थरावर तग धरतं. मग पिवळी ठिगळं पडतात आणि 'पाणी कमी पडलं' असं मालकालाच ऐकवलं जातं.

तपासणी सोपी आहे. अंथरून महिना झाला तरी रोलचा कोपरा चटईसारखा उचलला जात असेल, तर मुळं खाली उतरलेलीच नाहीत. तिथेच ओल्या जमिनीत लांब स्क्रूड्रायव्हर दाबा. हाताच्या जोराने तो 15 सेंटिमीटर जायला हवा. पाचावरच अडला तर खाली गाड्यांच्या चाकांनी चेपलेला मुरूम नाहीतर राडारोडा आहे. निचऱ्यासाठी 30 सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि हे दुसरं पाणी मोजा. ताशी अडीच सेंटिमीटरही उतरत नसेल तर पावसात मुळं कुजणार. सिमेंट-प्लास्टरचे तुकडे सापडले तर मातीचा सामूही (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) तपासून घ्या. तो वाढला की गवताला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात, आणि युरिया टाकून काही होत नाही.

रोलमधल्या फटी हा त्यामानाने किरकोळ दोष. कडा सुकून आकसतात. चाळलेली माती भरून पाणी दिलं की बऱ्याचदा मिटतात.

तक्रारीवर सहसा मिळणारी दुरुस्ती म्हणजे पिवळा पट्टा कापून तिथे नवा रोल. ती नाकारा, खालची जमीन तीच राहते. माती चांगली पण नुसती चेपलेली असेल तर पोकळ दातांच्या एअरेटरने 8 ते 10 सेंटिमीटर खोल भोकं पाडून त्यांत वाळू आणि कंपोस्ट झाडूने सारा. भरीव काटे चिकणमातीत भोकाच्या भिंती उलट दाबतात.

राडारोडा असेल तर मात्र सगळं उचलावंच लागतं. तो वेचा, 20 सेंटिमीटरपर्यंत जमीन मोकळी करा आणि वर 15 सेंटिमीटर पोयटा (भुसभुशीत सुपीक माती) पसरा. 50 चौरस मीटरला साडेसात घनमीटर लागतो. माती बसते, म्हणून नऊ मागवा. हे काम वाफशावरच, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसतानाच करायचं, चिखलात केलं तर जमीन पुन्हा चेपते. उतार घरापासून बाहेर, मीटरला एक-दोन सेंटिमीटर. माती भिंतीला टेकवून चढवू नका, ओल आत येते. टाचांनी दाबत चाला, दाताळ्याने सपाट करा, खड्डे दिसले तर पुन्हा तेच.

नवे रोल कापल्यापासून 24 तासांत अंथरले पाहिजेत. थप्पीत ते आतून तापून पिवळे होतात. सांधे विटांच्या बांधकामासारखे चुकवून लावा. पाणी दिल्यावर कोपरा उचलून पाहा, खालची माती भिजली नसेल तर ते पाणी अपुरं. कोपरा उचलेनासा झाला की पहिली कापणी करा, तीही उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको.